पाणी जसं, शिंपलं तसं

बारावीचे, पदवीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. बोलणारे बहुधा कुणाचे तरी काका किंवा मामा असतात. "भाचा मत्स्यशास्त्र करतोय. तुमच्या त्या शिंपल्यांच्या शेतीत काही भविष्य आहे का?" आहे, पण तुम्हाला वाटतं तिथे नाही, असं मी सांगते. मग ते पगाराचं विचारतात, आकडा ऐकून 'बरं, कळवतो' म्हणतात आणि पुन्हा कधीच कळवत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही. माझ्या उत्तराचा उरलेला भाग दोन मिनिटांत सांगण्यासारखा नाही, म्हणून तो सवडीने लिहून काढते आहे.

मी शिकले रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे कॉलेज १९८१ पासून चालू आहे. चार वर्षांची पदवी. माझ्या वर्गातले काही जण निर्यातीच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासायला लागले, काही लोकसेवा आयोगाच्या अभ्यासाला बसले, दोघंतिघं बँकेत कृषी अधिकारी झाले. ते आज माझ्यापेक्षा बरं कमावतात. मी सिंधुदुर्गात एका प्रकल्पावर क्षेत्र सहायक म्हणून रुजू झाले. अकरा महिन्यांचं कंत्राट, ठरावीक मानधन, दुचाकीच्या पेट्रोलचे पैसे वेगळे. आई म्हणाली, "शेवटी चिखलातच उतरायचं होतं तर इतकं शिकलीस कशाला?"

तेव्हा या किनाऱ्यावर हा विषय नवा होता. २०१२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा प्रकल्प सुरू झाला आणि बायकांच्या बचतगटांना हाताशी धरून कालवं, शिनाणे, खेकडे पाळण्याचे प्रयोग होऊ लागले. पुढे २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झालं. २०१७ मध्ये कांदळवनांचं रक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालणारी राज्याची योजना आली. त्यात गटाला ९० टक्के आणि एकट्यादुकट्याला ७५ टक्के अनुदान. तंत्र मात्र जुनंच होतं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते सत्तरच्या दशकापासून घडवत आणलं होतं.

मी गेले तेव्हा मनात होतं की आपण काहीतरी शिकवायला चाललो आहोत. पहिल्याच सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ते उतरलं. खाडीच्या तोंडाशी खडक उघडे पडले आणि पन्नाशीच्या चारपाच काकी कोयत्या घेऊन उकिडव्या बसल्या. कालव खडकाला चिकटलेलं असतं ते अर्ध्या कवचाने. वरचं झाकण नेमक्या सांध्यावर ठोकून उडवायचं आणि आतलं मांस अख्खं काढायचं. ठोका जरा इकडेतिकडे पडला तर मांसात कवचाचे कण जातात आणि वाटीभर मालाला कुणी विचारत नाही. त्यांचा प्रत्येक ठोका नेमका बसत होता. शिवाय कोणत्या खडकावर यंदा हात लावायचा नाही, कुठलं कालव अजून 'बारका असा' म्हणून सोडायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पाण्याची वेळ तर त्या पंचांग न बघता सांगत. अष्टमीच्या आसपास भांग, पुनवे-अवसेला उधाण, आणि उधाणाची सुकती म्हणजे कामाचा दिवस. मी वहीत भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवून हिंडत होते.

शिनाण्यांच्या दोरावरच्या शेतीचं मी समजावून सांगितलं तेव्हा एक काकी म्हणाली, "मातयेत पेरलेला दिसता तरी. ह्या पाण्यात काय पेरलंव ता कोणाक दिसतला?" मला तेव्हा तो नुसता विनोद वाटला. या धंद्यातली निम्मी भांडणं, निम्मी बुडीत आणि सगळा अविश्वास त्या एका वाक्यात होता, हे कळायला बराच काळ जावा लागला.

शिनाणे म्हणजे हिरव्या सालीचे लांबट शिंपले. ते स्वतः धागे काढतात आणि त्या धाग्यांनी खडकाला धरून राहतात. शेती त्यांच्या याच सवयीवर चालते. पावसाळ्याच्या दिवसांत त्यांची वीण होते, पाऊस सरल्यावर खडकांवर बारीक पिल्लं दिसू लागतात. बोटाच्या पेरापेक्षा लहानमोठी झाली की ती अलगद काढायची. मग मीटर-दीड मीटरचा जाड नायलॉनचा दोर जमिनीवर आडवा टाकायचा, खाली सुती जाळीच्या कापडाची पट्टी पसरायची, त्यावर दर मीटरला अर्धा-पाऊण किलो बी सारखं पांगवायचं आणि कापड दोराभोवती गुंडाळून सुईदोऱ्याने शिवून टाकायचं, जखमेला पट्टी बांधतात तसं. दोर तराफ्याला किंवा बांबूच्या रॅकला टांगला की पुढचं काम शिनाणेच करतात. काही दिवसांत धागे काढून ते दोर धरतात आणि तोवर सुती कापड पाण्यात कुजून गळून जातं. कापड लवकर कुजलं तर बी तळाला जातं, उशिरा कुजलं तर आत गुदमरतं. म्हणून मालवणच्या बाजारात कापड घेताना आमच्या बायका ते चिमटीत धरून ओढून बघतात. दुकानदार विचारतो, "मच्छरदाणी कुणासाठी?" त्या उत्तर देत नाहीत, हसतात.

सारं सुरळीत गेलं तर पाच-सहा महिन्यांत एका मीटर दोराला दहाएक किलो शिनाणे लगडतात. दोर उचलायला दोन माणसं लागतात. आणि त्यांना खायला काय घातलं? काहीच नाही. कोळंबीच्या तळ्यात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. इथे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म जीवजंतूंचं अन्न शिंपलं स्वतःच गाळून घेतं. 'बिनखाद्याची शेती' म्हणून या धंद्याची जाहिरात होते, ती खरीच आहे. पण खाद्य आपण घालत नाही म्हणजे खाद्यावर आपला काडीचाही ताबा नाही, हे त्या जाहिरातीत नसतं.

दहा जुलैला देशभर मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो. कार्यालयांत सत्कार, भाषणं, शाल-श्रीफळ. १९५७ मध्ये त्या तारखेला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी कटला-रोहूच्या कुळातल्या माशांचं संप्रेरक टोचून प्रजनन करून दाखवलं, त्याची ही आठवण. एका कार्यक्रमात मागच्या खुर्चीवर बसून ती गोष्ट पुन्हा ऐकताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला: हा दिवस मुळात बियाण्याचा आहे. नदीत जाऊन बी शोधायची लाचारी संपली तेव्हा गोड्या पाण्यातली मत्स्यशेती उभी राहिली. आमची शिनाण्यांची शेती अजून त्या आधीच्या काळात आहे. खडकावर बी आलं तर शेती, नाही आलं तर वर्ष कोरडं. एका वर्षी खडक हिरवेगार होते, पुढच्या वर्षी त्याच जागी नखाएवढंही बी नव्हतं. तरीही प्रशिक्षणाला येणारा प्रत्येक तरुण तराफ्याचे फोटो काढतो, 'युनिट कॉस्ट' विचारतो. बी कुठून येतं, हे विचारणारा विरळाच.

आलेलं बीही आपलं होईलच असं नाही. दोर टांगल्यावर पहिल्या आठवड्यात मासे त्यावर तुटून पडतात, एका रात्रीत अर्धे दोर बोडके होतात. त्यावर उपाय गटातल्याच एका सुनेने काढला. घरात पडलेली जुनी जाळी तिने तराफ्याभोवती पडद्यासारखी सोडली. केरळातही असंच करतात, हे मला नंतर वाचायला मिळालं.

मग पाऊस. शिनाण्यांना समुद्राचं खारट पाणी लागतं. हजार भागांत साधारण तीस-पस्तीस भाग मीठ. पावसाचं पाणी खाडीत आलं की ते कवच मिटून घेतात, आणि गोडं पाणी टिकलं तर मिटल्या कवचातच मरतात. कालवं त्यामानाने सोसतात. म्हणून आमचं सगळं वेळापत्रक दोन पावसांच्या मधलं. २०१९ मध्ये पाऊस जाईचना. ऑक्टोबरच्या शेवटी 'क्यार' वादळ समुद्रात घोंघावत होतं, त्याच्या मागोमाग 'महा'. दिवाळीत छत्री घेऊन आम्ही खाडीकाठी उभ्या. शेजारच्या गावातल्या गटाने नेहमीच्या तारखेला दोर सोडून दिले होते. आमच्या गटातली एक बाई रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बसली होती. दुर्बिणीसारखं छोटं उपकरण ते. काचेवर खाडीच्या पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि आत निळी रेघ कुठल्या आकड्यावर आहे ते वाचायचं. बाई सातवी नापास. रोज सकाळी आकडा कॅलेंडरवर, गॅस सिलेंडर कधी आला त्या नोंदीच्या शेजारी लिहायची. "आज अठरा. नाय सोडूचे," एवढंच म्हणाली. बाकीच्या चिडल्या, कारण बी बादलीत फार दिवस टिकत नाही. शेवटी बी पुन्हा खाडीच्या तोंडाजवळच्या खाऱ्या पाण्यात पिशव्यांत नेऊन ठेवलं आणि आकडा चढल्यावर, बऱ्याच उशिराने, दोर टांगले. पीक बारीक निघालं, पण निघालं.

पुढे त्या बाईला दुसऱ्या गटांकडून पाणी बघायला बोलावणी येऊ लागली. जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी मिळायची. मी नोकरीच्या गोष्टी करते तेव्हा हे पहिलं उदाहरण देते. तिच्या कामाला कुठल्याही यादीत पदनाम नाही. पण ते काम नसेल तर तराफ्यावर टांगलेल्या दोरांना काही अर्थ नाही.

खाडी कोणाची, हा प्रश्न दुसऱ्याच वर्षी उभा राहिला. तराफा होड्यांच्या वाटेत येतो, जाळी अडकतात, अशी तक्रार आली. देवळात बैठक बसली. एका वयस्कर मच्छीमाराने शांतपणे विचारलं, "आमचे आजे हंय पाग मारीत होते. तुमका ह्या पाणी कोणी नावावर करून दिला?" त्याचं खरं होतं. जमिनीला सातबारा असतो, खाडीच्या पाण्याला नसतो. कागदावरचा परवाना पुढे करून ती बैठक जिंकता आली असती, पण मग तराफ्याचे दोर रात्री कुणी कापले ते कधीच कळलं नसतं. दोनतीन बैठका झाल्या. त्याच म्हाताऱ्याला होडीत घालून नेलं आणि होड्यांची वाट सोडून कुठे जागा आहे ते त्यालाच दाखवायला सांगितलं. त्याने दाखवलेली जागा आमच्या नकाशावरच्या जागेपेक्षा सरस निघाली. सुकतीलाही तिथे पुरेसं पाणी राहायचं आणि ओढ बेताची. पहिला तराफा सोडताना देवाला गाऱ्हाणं त्यानेच घातलं.

मध्ये एकदा गटाला घेऊन केरळच्या अभ्यास दौऱ्याला गेलो. कासरगोड जिल्ह्यातलं पडन्ना आणि आसपासची कव्वायी खाडी. तिथे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून शिनाण्यांची शेती बायकांच्या गटांनी रुजवली आहे. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती. पण आमची एक काकी आणि तिथली एक बाई दोराच्या गाठीवरून जे बोलायला लागल्या ते दुभाष्याला मध्ये येऊ देईनात. गाठ सोडायची, पुन्हा मारून दाखवायची, मान हलवायची. दोरात ठरावीक अंतरावर बांबूची खुंटी खुपसली की वजनाने शिनाण्यांचा घोस खाली सरकत नाही, ही युक्ती त्या गाठीतून आमच्याकडे आली.

दुपारी जेवायला तांदळाचं सारण भरून वाफवलेले आणि मग तळलेले शिनाणे होते. मलबारात हा पदार्थ घराघरांत होतो, चहाच्या टपरीवरही मिळतो. आमच्या बायका खात होत्या आणि मी हिशेब मांडत होते. इथली शेती टिकली, कारण तिच्या आधी खाणारे होते. आमच्याकडे तिसऱ्यांसाठी माणसं जीव टाकतात, कालवांचं सुकं म्हटलं की पाहुणे मुक्काम वाढवतात. पण शिनाणे फक्त खडकाजवळच्या चार वाड्यांना ठाऊक. आम्ही अनुदानातून माल उभा केला आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघालो होतो.

कोल्लमच्या अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांची गोष्टही याच दौऱ्यात नीट कळली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेसुमार उपशाने तिथलं उत्पादन घसरलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या महिन्यांत बंदी, जाळ्याच्या आसाला किमान माप आणि निर्यातीला एका किलोत १४०० पेक्षा जास्त नग बसतील इतका बारीक माल घ्यायचा नाही, असे नियम लोकांनी पाळले. २०१४ मध्ये त्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. परतीच्या गाडीत यावर चर्चा चालली होती. बारका माल सोडून द्यायचा एवढंच ना, ते आम्ही करतोच, असं काकींचं म्हणणं. फरक इतकाच की तिथे ते सगळ्यांनी मिळून केलं आणि लिहून ठेवलं.

आमचं गिऱ्हाईक होतं गोव्याकडची हॉटेलं आणि मालवण-तारकर्लीचे पर्यटक. २०२० च्या मार्चअखेर दोर भरलेले होते आणि टाळेबंदी लागली. हॉटेलं बंद, रस्ते बंद, जिल्ह्याच्या सीमेवर पोलीस. शिनाणे काही आमच्यासाठी थांबणार नव्हते. जूनचा पाऊस आला की सगळं संपलं. एका व्यापाऱ्याने आधी बोललेला भाव फिरवला, मग फोन उचलणंच सोडलं. शेवटी बायकांनी ठरवलं की गावातच विकायचं, पैसे नसतील तर तांदळावर, नारळावर, उधारीवर. घरोघर फिरताना त्या करायचं कसं तेही सांगत होत्या. धागा असा ओढून काढा, पाणी न घालता झाकण ठेवा, आपल्याच पाण्यात शिजतात, उघडलं नाही ते टाकून द्या. उरलेल्याचं मांस उकडून काहींनी लोणचं घातलं. त्या हंगामात पैशाच्या नावाने शून्य म्हणावं इतकंच हाती आलं. पण पुढच्या वर्षी तराफा बांधायच्या आधीच गावातून विचारणा सुरू झाली, "यंदा शिनाणे कधी?" जो बाजार आम्ही हॉटेलांत शोधत होतो तो वाडीत उभा राहिला होता. अनुदानाच्या अहवालात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

२०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळ आलं. यावेळी हवामान खात्याचा इशारा दोनतीन दिवस आधी होता. ज्यांनी रात्र जागून दोर उतरवले त्यांचा माल वाचला आणि तो गावानेच घेतला. तराफे गेले. बांबू लांबच्या पुळणीवर सापडले, तराफ्याखालची पिंपं सापडलीच नाहीत. समुद्रातल्या शेतीला विमा मिळवायचा तर नुकसान दाखवावं लागतं, आणि पाण्यातलं पीक वादळाआधी किती होतं हे कोणत्या पंचनाम्यात लिहायचं? "ता कोणाक दिसतला?" हे वाक्य मला त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा आठवत होतं. तेव्हापासून आम्ही दर पंधरवड्याला एक दोर तोलून त्याचा काट्यासकट फोटो काढून ठेवतो.

ज्याने माझं काम खऱ्या अर्थाने बदललं तो प्रश्न मात्र मुंबईतल्या एका खाद्यजत्रेत भेटला. आमचा स्टॉल होता. कालवांची भजी, शिनाण्यांचं सुकं. गर्दी बरी होती. एक बाई लहान मुलाला घेऊन आली, प्लेट हातात घेतली आणि सरळ विचारलं, "हे ज्या पाण्यात वाढलं ते पाणी कसं आहे?" गटातल्या मुलीने "एकदम स्वच्छ" म्हटलं. बाईने पुन्हा विचारलं, "तपासलंय?"

पाणी गाळून खाणारा प्राणी अन्नाबरोबर पाण्यातलं बाकी सगळंही गाळून घेतो. सांडपाण्यातले जिवाणू त्याच्या अंगात पाण्यापेक्षा जास्त प्रमाणात साठतात. काही सूक्ष्म शेवाळांचा बहर आला तर त्यांचं विष साठतं, आणि ते शिजवूनही जात नाही. १९९७ मध्ये केरळात विझिंजमला अशाच विषारी शिंपल्यांनी सात माणसं दगावली. युरोपात म्हणूनच आधी पाण्याची प्रतवारी ठरते. सर्वांत वरच्या प्रतीच्या पाण्यातला माल थेट विकता येतो, आणि त्यासाठी १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय साधारण २३० च्या आत लागतात. त्याखालच्या प्रतीचा माल आधी शुद्ध करावा लागतो. शुद्ध करायचं म्हणजे गाळून, अतिनील दिव्याखालून नेलेल्या समुद्राच्या पाण्याच्या टाकीत शिंपले दिवसरात्र ठेवायचे. ते स्वतःच स्वतःला धुतात. तळाला काळपट विष्ठेच्या बारीक दोऱ्या साचतात. त्या वर उसळणार नाहीत अशा बेताने पाणी सोडावं लागतं. आम्ही ही टाकी बसवली तेव्हा ते तळ बघून गटातल्या मुलीचं तोंड उतरलं. "ह्या आपण खाय होतंव?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

टाकीने जिवाणू कमी होतात. पण पाणी रोज घाण होत असेल तर टाकी किती पुरी पडणार? एका हंगामात तपासणीचे आकडे चढतच गेले. गटातल्या बायका वहाळाच्या कडेने वर चालत गेल्या. एका नव्या निवासगृहाच्या शौचटाकीचं पाणी थेट वहाळात उतरत होतं. मालक त्यांच्यातल्याच एकीचा चुलत दीर. मी म्हटलं ग्रामपंचायतीला पत्र देऊ. तिने पत्र नको म्हटलं आणि संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसली. चहा झाल्यावर म्हणाली, "तुझ्या गिऱ्हायकांका आमचीच कालवां खायाक घालतंस मां? मगे टाकयेचा पाणी खय जाता ता एकदा जावन बघ." त्याने शोषखड्डा खणला. लगेच नाही, पण पावसाआधी खणला. पुढच्या हंगामात आकडे उतरले.

शिंपल्यांच्या शेतीत आपण शिंपलं पाळत नाही. ते स्वतःला पाळतं. आपल्याला पाळावं लागतं ते पाणी, आणि पाणी पाळायचं म्हणजे त्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहणारी माणसं सांभाळायची. रेती उपसणारा, टाकी सोडणारा, जाळं टाकणारा, होडी हाकणारा, यांतला कुणीही माझ्या गटाचा सभासद नाही, आणि माझ्या गटाचं पीक त्यांच्याच हातात आहे. आंब्याच्या बागायतदाराला शेजाऱ्याशी वैर परवडतं, आम्हाला नाही.

काका-मामांना द्यायचं उत्तर यातूनच निघतं. तराफा बांधायला फार माणसं लागत नाहीत, ते काम गावातल्या मुलांना आमच्यापेक्षा चांगलं जमतं. माणसं लागतात ती दोन टोकांना. एका टोकाला बी. उबवणकेंद्रात शिंपल्यांची वीण घडवून, त्यांच्या डिंभकांना सूक्ष्म शेवाळ खाऊ घालून, चिकटण्याच्या वयापर्यंत नेणारे हात आपल्या किनाऱ्यावर हवे आहेत. दुसऱ्या टोकाला पाणी आणि बाजार. नमुने घेणं, अहवाल वाचता येणं, शुद्धीकरणाची टाकी चालवणं, माल थंड ठेवून वेळेत पोचवणं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शिंपल्यांच्या शेतीला जागा मिळाली, महिलांना ६० टक्क्यांपर्यंत साहाय्य ठरलं. किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात २०२३ ला दुरुस्ती झाली आणि कोळंबीभोवती फिरणाऱ्या त्या कायद्याच्या कक्षेत शिंपले, शेवाळ, पिंजऱ्यातली मत्स्यशेतीही आली. कायदा आला की नोंदणी येते, तपासणी येते आणि तिच्यामागून तपासणारी माणसं. संशोधन संस्थांत प्रकल्प सहायकांच्या जागा निघतात, त्या बहुतेक कंत्राटी. मी अजूनही कंत्राटावरच आहे. दरवर्षी मार्च आला की नूतनीकरणाची वाट बघते. हे मी उमेदवारांपासून लपवत नाही.

लपवावं असं काही नाही, कारण टिकणारा यातही टिकतो. गेल्या काही वर्षांत दोघं मुलगे आणि एक मुलगी या कामात रुळलेली मी पाहिली. मुलगी टाकी सांभाळते आणि तीन गटांचे नमुने घेऊन रत्नागिरीला जाते. एक मुलगा सुट्टीत येणाऱ्या पर्यटकांना होडीतून तराफा दाखवतो आणि तिथेच माल विकतो. त्याचं उत्पन्न माझ्यापेक्षा जास्त आहे, असं तो हसत सांगतो. जे दोघंतिघं सोडून गेले ते हुशार नव्हते असं नाही. त्यांना पाण्यात काम करायचं होतं, आणि इथे निम्मा दिवस लोकांच्या ओसरीवर जातो.

उद्या मला जाहिरात लिहायला सांगितली तर पदवीच्या अटीखाली आणखी तीन अटी घालीन. उमेदवाराला पोहता यावं. मालवणी कळावी, नुसती बोलता येऊन उपयोग नाही. आणि परक्या माणसाच्या घरी चहा पिऊन झाल्यावर, त्याच्या संडासाचं पाणी कुठे जातं, हे त्याला राग न येऊ देता विचारता यावं. पहिल्या दोन अटींचे उमेदवार भरपूर मिळतील. तिसरी जमणारा मिळाला, तर त्याला पहिल्या दोन मी स्वतः शिकवीन.